विसर आणि साक्ष : जाग व झोप यांच्या सीमेवरील दोन संहिता

१

जाग आणि झोप यांच्यामधल्या अवस्थेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पेंग, डुलकी, झापड, गुंगी, तंद्री, ग्लानी असे कितीतरी शब्द नित्याच्या वापरात आहेत आणि त्यांतील प्रत्येकाची छटा वेगळी आहे. मात्र या शब्दांच्या अर्थांपेक्षा त्यांच्यासोबत येणारी क्रियापदे अधिक लक्षणीय आहेत. पेंग येते, डुलकी लागते, झापड येते, तंद्री लागते, डोळा लागतो. या सर्व प्रयोगांत ज्याला हा अनुभव येतो तो वाक्याचा कर्ता नसतो. ‘त्याला पेंग आली’, ‘तिचा डोळा लागला’ अशा वाक्यांत माणूस चतुर्थीत किंवा षष्ठीत मागे सरतो आणि कर्तेपण त्या अवस्थेकडे जाते. ‘झोपणे’ या क्रियापदाला माणूस कर्ता म्हणून चालतो हे खरे. तथापि ‘मी दहा वाजता झोपलो, पण झोप लागली बारानंतर’ हे वाक्य कोणाही मराठी भाषकाला विसंगत वाटत नाही. अंथरुणावर पडणे हे माणसाचे कृत्य आहे, झोप लागणे ही त्याच्या बाबतीत घडणारी घटना आहे, असा भेद भाषेने स्वतःच करून ठेवला आहे.

आणखी एक गोष्ट काळाची. ‘जरा डोळा लागला होता’ हे वाक्य पूर्णभूतकाळातच स्वाभाविक वाटते. ‘माझा आत्ता डोळा लागला आहे’ असे उत्तमपुरुषी वर्तमानात कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. सीमा ओलांडली जात असताना तिच्याविषयी बोलणारा कोणी उरत नाही, आणि बोलणारा परत येतो तेव्हा सीमा मागे पडलेली असते. म्हणजे या अवस्थेचे साहित्यातील प्रत्येक वर्णन हे जागेपणी दिलेली साक्ष असते. ही साक्ष कोण देतो, कोणापुढे देतो आणि कशासाठी देतो, हे प्रश्न त्या वर्णनातील प्रतिमांइतकेच महत्त्वाचे ठरतात.

तौलनिक साहित्याभ्यासात या विषयाचा विचार बहुधा आशयसूत्राच्या अंगाने होतो. स्वप्न, अर्धजागृती, दृष्टान्त, तंद्री यांचे उल्लेख निरनिराळ्या भाषांतून गोळा करायचे, त्यांतील साम्ये नोंदवायची आणि अखेरीस ‘स्फूर्ती’ या एका संकल्पनेखाली ती एकत्र बांधायची, ही पद्धत रूढ आहे. तिच्यामुळे सामग्री जमते, परंतु साक्षीचा प्रश्न सुटून जातो. कोलरिजची ‘कुब्ला खान’विषयीची प्रस्तावना आणि तुकारामांचे स्वप्नविषयक अभंग या दोन संहिता शेजारी ठेवल्या असता ही उणीव कशी जाणवते आणि ती दूर करण्याचा मार्ग कोणता, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

तुलनेपूर्वी परिभाषेचा एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. बृहदारण्यकोपनिषदाच्या चौथ्या अध्यायात पुरुषाची दोन स्थाने सांगितली आहेत, हा लोक आणि परलोक. तिसरे स्थान या दोहोंच्या संधीवरचे असून तेथे उभा राहून पुरुष दोन्ही स्थाने पाहतो, असे तेथे म्हटले आहे. हे ‘संध्य’ स्थान म्हणजे अर्धजागृती, असे समीकरण मांडण्याचा मोह अभ्यासकाला होणे स्वाभाविक आहे. पण उपनिषदाने या स्थानाला स्पष्टपणे स्वप्नस्थान म्हटले आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादाच्या आरंभी हाच शब्द येतो, आणि शंकराचार्यही त्याचा अर्थ स्वप्न असाच करतात. दोन लोकांच्या किंवा जागृती व सुषुप्ती यांच्या संधीवर असते म्हणून ते संध्य, अशी त्यांची उपपत्ती आहे. याचा अर्थ असा, की या परंपरेत संपूर्ण स्वप्न हेच मधले स्थान आहे. पेंगणाऱ्या माणसाची क्षणिक अवस्था हा तेथे विचाराचा विषय नाही. त्याच पादात पुढे मूर्च्छेचा विचार येतो आणि तिला अर्धी अवस्था ठरवले जाते. यावरून अवस्थांच्या सीमांची जाणीव या परंपरेला पुरेपूर होती, हे दिसते.

पेंगेच्या क्षणाकडे थेट वळणारा ग्रंथ पाहायचा तर काश्मीरी शैव परंपरेतील विज्ञानभैरवाकडे जावे लागते. झोप अद्याप आलेली नाही आणि बाह्य विषय मात्र मावळले आहेत, अशा क्षणी चित्त स्थिर करण्याची धारणा तेथे सांगितली आहे. तेथेही प्रतिमांचे वर्णन अभिप्रेत नाही. तो क्षण साधनेसाठी आहे, कथनासाठी नाही.

याउलट फ्रान्समध्ये आल्फ्रेद मोरी यांनी १८४८ मध्ये झोप येताना दिसणाऱ्या आभासांना स्वतंत्र नाव दिले, तेव्हा त्यांचे लक्ष त्या आभासांच्या नोंदीवर होते. आज मानसशास्त्रात रूढ असलेली संज्ञा तेथून आली. संध्य स्थान, धारणेचा क्षण आणि मोरी यांचे आभास या तिन्हींचे विषय एकमेकांच्या जवळचे आहेत. त्यांना विचारले गेलेले प्रश्न मात्र निराळे आहेत. पहिला प्रश्न पाहणारा कोण हा आहे, दुसरा तेथे कसे राहावे हा आहे आणि तिसरा काय दिसते हा आहे.

साक्षीच्या दृष्टीने भारतीय दर्शनांतील सर्वांत उपयुक्त वाद आणखी वेगळ्या ठिकाणी आढळतो. पतंजलीच्या योगसूत्रांत निद्रा ही एक वृत्ती मानली आहे. त्यावरील व्यासभाष्याचा युक्तिवाद असा, की उठल्यावर माणसाला आपण सुखाने झोपलो होतो असे आठवते, आणि अनुभवावाचून आठवण संभवत नाही. वेदान्त्यांनी हाच युक्तिवाद साक्षिचैतन्याच्या सिद्धीसाठी वापरला. नैयायिकांनी तो नाकारला. त्यांच्या मते उठल्यावरचे हे ज्ञान आठवण नसून अनुमान आहे. जाग आलेला माणूस आपल्या ताज्या अवस्थेवरून मधल्या काळाविषयी तर्क करतो आणि त्यालाच आठवण समजतो. झोपेविषयी बोलणारा आठवून बोलतो की अनुमानाने, हा वाद साहित्यसमीक्षेलाही आपला करता येण्याजोगा आहे.

३

‘कुब्ला खान’ ही कविता १८१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कोलरिजने तिला एक गद्य प्रस्तावना जोडली. १७९७ च्या उन्हाळ्यात प्रकृती बिघडल्याने कवी पोरलॉक आणि लिंटन यांच्या दरम्यानच्या एकाकी शेतघरात राहत होता. वेदनाशामक औषध घेतल्यावर, पर्चसचा प्रवासग्रंथ वाचत असतानाच, खुर्चीत त्याला झोप लागली. सुमारे तीन तासांच्या त्या झोपेत दोनशे ते तीनशे ओळींहून कमी नाही अशी रचना त्याच्याकडून झाली. प्रतिमा वस्तूंसारख्या समोर उभ्या राहत होत्या आणि त्यांना अनुरूप शब्द विनासायास येत होते. जाग आल्यावर तो लिहू लागला, पण पोरलॉकहून कामानिमित्त आलेल्या एका गृहस्थाने त्याला तासाहून अधिक काळ अडकवून ठेवले. परतल्यावर पाहतो तो, आठ-दहा विखुरलेल्या ओळी व प्रतिमा वगळता उरलेले सारे मनातून निघून गेले होते. छापील कविता चौपन्न ओळींची आहे आणि तिला ‘खंड’ असे म्हटले आहे.

या कविताप्रसंगाची दुसरीही एक नोंद आहे. १९३४ मध्ये प्रकाशात आलेल्या, क्रू हस्तलिखित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कवीच्या हस्ताक्षरातील प्रतीच्या शेवटी कोलरिजने एक लहानसे टिपण लिहिले आहे. त्यात औषध म्हणून घेतलेल्या अफूच्या मात्रेचा, शेतघराचा आणि १७९७ च्या शरद ऋतूचा उल्लेख आहे. पण तेथे झोप नाही. ही रचना एका प्रकारच्या तंद्रीत झाली, एवढेच कवी म्हणतो. पोरलॉकचा गृहस्थही तेथे नाही आणि हरवलेल्या ओळींचा आकडाही नाही.

तंद्रीतून गाढ झोपेपर्यंतचा हा प्रवास प्रसंगात घडलेला नाही, साक्षीत घडलेला आहे. प्रस्तावनेतही गाढ झोपेचा दावा करताना ‘निदान बाह्येंद्रियांपुरती’ अशा आशयाची पुस्ती कवी जोडतो, म्हणजे मूळची तंद्री तेथे अजून डोकावते आहे. एलिझाबेथ श्नायडर यांनी १९५३ मधील आपल्या ग्रंथात या स्वप्नकथेविषयी गंभीर शंका उपस्थित केली. त्याआधी जॉन लिव्हिंग्स्टन लोज यांनी १९२७ मध्ये कवितेतील प्रतिमांचे मूळ कवीच्या वाचनात शोधले होते. या दोन्ही अभ्यासांचा भर कविता खरोखर कशी झाली यावर होता. येथे महत्त्वाचा आहे तो वेगळा मुद्दा. साक्ष जसजशी वाचकांपुढे उभी राहते, तसतशी झोप गाढ होत जाते आणि विसर मोठा होत जातो. तंद्रीत केलेल्या रचनेची जबाबदारी काही अंशी तरी कवीकडे राहते. गाढ झोपेत झालेल्या रचनेची जबाबदारी त्याच्याकडे राहत नाही, आणि अपूर्णतेची जबाबदारी पोरलॉकच्या माणसाकडे जाते.

४

तुकारामांच्या गाथेतील स्वप्नविषयक अभंगांत दोन प्रसंग विशेष आहेत. पहिला नामदेवांच्या भेटीचा. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी तुकारामांना स्वप्नातच जागे केले. कवित्व करण्याचे काम सांगितले आणि व्यर्थ बोलू नये असे बजावले. विठ्ठलाने थापटून सावध केले. मापाची भाषा येथे येते, आणि प्रमाणाची संख्या शतकोटी असल्याचे सांगून उरलेली भरपाई तुकारामांवर सोपवली जाते. याला जोडून येणाऱ्या अभंगात संतांच्या पायांशी ठाव मागितला आहे आणि त्या भेटीचा प्रसाद आपल्या ठायी टिकून असल्याचे सांगितले आहे.

दुसरा प्रसंग गुरूपदेशाचा. गंगास्नानाला जाणाऱ्या वाटेवर सद्गुरू भेटले, त्यांनी मस्तकी हात ठेवला आणि भोजनासाठी पावशेर तूप मागितले. स्वप्नात त्याचा विसर पडला. काही अंतराय आला असावा आणि म्हणूनच त्यांनी घाई केली असावी, असे तुकाराम म्हणतात. राघवचैतन्य, केशवचैतन्य ही परंपरा गुरूंनी सांगितली, बाबाजी हे आपले नाव सांगितले आणि मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमीचा, गुरुवार.

ही दोन्ही स्वप्ने आहेत, त्यांना अर्धजागृतीच्या चर्चेत का आणावे, असा आक्षेप येथे घेता येईल. त्याचे उत्तर संहितेतच आहे. पहिल्या प्रसंगाची मुख्य क्रिया झोपणे ही नसून जागे होणे ही आहे, आणि ती स्वप्नाच्या आत घडते. थापटून सावध करणे ही झोपलेल्या माणसाला उठवण्याची रोजची कृती आहे. ज्याला उठवले तो मात्र अद्याप स्वप्नातच आहे. दुसऱ्या प्रसंगात स्वप्नाच्या आतच विसर पडतो, आणि त्या विसराचे कारण तुकाराम अनुमानाने शोधतात. मंत्र आठवतो, नावे आठवतात, तिथी आठवते. गुरूने घाई का केली, याविषयी मात्र तर्क करावा लागतो. आठवण आणि अनुमान यांचा जो वाद दर्शनकारांनी सिद्धान्ताच्या पातळीवर घातला, त्याची दोन्ही टोके या छोट्या अभंगात एकाच माणसाच्या साक्षीत एकत्र आली आहेत.

येथे प्रूस्तच्या कादंबरीमालेतील १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागाचा आरंभ आठवतो. तेथील निवेदकाला आता झोपायला हवे हा विचारच जागा करतो, आणि वाचत असलेल्या पुस्तकाचा विषय आपणच आहोत असे त्याला काही काळ वाटत राहते. जाग आणि झोप एकमेकींच्या आत असण्याचा हा अनुभव तुकारामांच्या अनुभवाशी रचनेने जवळचा आहे. फरक असा, की प्रूस्तच्या निवेदकाला जागे करणारे दुसरे कोणी नाही. तुकारामांना जागे करायला दोघे येतात आणि ते काम घेऊन येतात.

५

दोन्ही साक्षींत एक अनपेक्षित साम्य आहे. दोन्ही आकड्यांनी भरलेल्या आहेत. कोलरिजकडे तीन तास, दोनशे ते तीनशे ओळी, तासाहून अधिक खोळंबा आणि उरलेल्या आठ-दहा ओळी आहेत. तुकारामांकडे शतकोटीची संख्या, माप, पावशेर तूप, तिथी आणि वार आहेत. झोपेत मोजणारा नसतो. म्हणून आकडा ही जागेपणाची सही आहे. ज्या अनुभवाला दुसरा साक्षीदार नाही, त्याच्या खरेपणासाठी जागा माणूस संख्येचा आधार घेतो.

पण दोघांचे हिशेब विरुद्ध दिशांना जातात. कोलरिजचा हिशेब हरवलेल्याचा आहे. जे होते त्याची संख्या मोठी, जे उरले त्याची लहान, आणि या दोहोंतील तफावत भरून निघणार नाही. तुकारामांचा हिशेब येण्याचा नसून देण्याचा आहे. शतकोटीतून नामदेवांचे वजा जाता जे उरते, ते ऋण आहे आणि ते जागेपणी फेडायचे आहे. पुढील चरित्रपरंपरेने ही शिल्लक तपशीलवार सांगण्यात रस घेतला, यात नवल नाही. वाण्याच्या घरात वाढलेल्या कवीच्या स्वप्नात माप यावे, हेही तितकेच स्वाभाविक आहे. पावशेर तूपही देणेच आहे. ते स्वप्नात द्यायचे राहून गेले आणि आपल्या हातून सेवा घडली नाही, ही खंत अभंगात नोंदली गेली आहे.

विसराचे स्थानही यामुळे बदलते. कोलरिजचा विसर स्वप्नाबाहेर, जागेपणी पडतो. त्यामुळे स्वप्न परिपूर्ण राहते आणि जग अपराधी ठरते. तुकारामांचा विसर स्वप्नाच्या आत पडतो. त्यामुळे स्वप्न सदोष राहते आणि दोष स्वतःकडे येतो. एका साक्षीने कवीला मुक्त केले, दुसरीने त्याला बांधून घेतले. या दोहोंवर ‘स्फूर्ती’ हा एकच शिक्का मारला, तर पहिल्या साक्षीचा अर्थ दुसरीवर लादला जातो. मराठीतील संतकाव्यविषयक लेखनात स्वप्नदृष्टान्ताला दैवी स्फूर्तीचा पुरावा मानण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिच्यामागे भक्तिपरंपरेइतकाच इंग्रजी स्वच्छंदतावादाचा वाचनसंस्कारही आहे, अशी शंका घेण्यास जागा आहे. त्या वाचनात कवी पात्र ठरतो, काम करणारा राहत नाही.

यात केवळ सिद्धान्ताचा प्रश्न नाही. तुकारामांच्या कवित्वाच्या अधिकारालाच त्यांच्या काळी आव्हान दिले गेले. वह्या इंद्रायणीत बुडवल्याचा प्रसंग याच वादातून आला. शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या कवीने परमार्थावर कोणत्या अधिकाराने लिहावे, या प्रश्नाला नामदेवांचे स्वप्न हे उत्तर आहे. हे उत्तर काम नेमून दिल्याचे आहे, प्रतिभेचा दावा करण्याचे नाही. शिंप्याच्या कुळातील पूर्वसूरीने राहिलेले काम वाण्याच्या कुळातील कवीकडे सोपवले, ही त्या साक्षीची सामाजिक बाजू आहे. बहिणाबाईंनीही आपल्या आत्मनिवेदनात तुकारामांचा उपदेश स्वप्नात लाभल्याचे सांगितले आहे. स्त्री म्हणून जो प्रत्यक्ष मार्ग त्यांना सहज उपलब्ध नव्हता, तो या साक्षीने खुला झाला. ज्यांना दिवसाउजेडी अधिकार नाकारला गेला, त्यांनी जाग आणि झोप यांच्या सीमेवरून तो आणला. कोलरिजला असा अधिकार सिद्ध करण्याची गरज नव्हती. त्याला समर्थन हवे होते ते अपूर्णतेचे. साक्ष कोणापुढे दिली जाते, हे पाहिल्यावाचून हा फरक हाती लागत नाही.

६

आधुनिक मानसशास्त्राने या अवस्थेविषयी जे सांगितले आहे, तेही विसर आणि काम या दोन शब्दांभोवती फिरते. हर्बर्ट झिल्बरर यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात झोप अनावर होत असतानाच विचार करत राहण्याचा प्रयोग स्वतःवर केल्याचे नोंदवले आहे. लेखातील एक खडबडीत परिच्छेद सुधारायला हवा, असा विचार चालू असताना त्यांना आपण लाकडावर रंधा मारत असल्याचे दिसले. काही केल्या एक गोष्ट आठवेना, तेव्हा त्यांना दिसला तो मेजावर वाकलेला, माहिती द्यायला नाखूश असा चिटणीस. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर येथे उपमेय लोपले आणि उपमान तेवढे डोळ्यांपुढे उरले. तरीही लक्षात राहतो तो आठवण नाकारणारा चिटणीस. विसर हाच तेथे प्रतिमा झाला आहे.

२०२१ मध्ये फ्रान्समधील संशोधकांच्या एका गटाने १०३ जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. लपलेला नियम सापडल्यास झटकन सुटणारी गणिते त्यांना देण्यात आली आणि मध्ये विश्रांतीला वेळ दिला गेला. हातात एक वस्तू धरायची, म्हणजे डोळा लागताच ती पडून जाग यावी, अशी योजना होती. ज्यांनी झोपेच्या अगदी पहिल्या पायरीवर किमान १५ सेकंद घालवली, त्यांच्यापैकी ८३ टक्के लोकांना नियम सापडला. जागे राहिलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. झोप अधिक गाढ झाली की हा लाभ नाहीसा होई. साहित्याच्या अभ्यासकाला यातील आणखी एक तपशील महत्त्वाचा वाटावा. उत्तर जाग येताच मिळाले नाही, ते पुढे आणखी बरीच गणिते सोडवल्यानंतर मिळाले.

प्रयोगशाळेतील निष्कर्षावरून सतराव्या शतकातील अभंगाचा किंवा एकोणिसाव्या शतकातील प्रस्तावनेचा खरेखोटेपणा ठरवता येत नाही, आणि तसे करूही नये. गणिताचा नियम आणि कविता या भिन्न जातीच्या गोष्टी आहेत. तथापि दोन साक्षींपैकी कोणती या अवस्थेच्या स्वरूपाशी अधिक सुसंगत आहे, एवढे विचारता येते. सीमेवरून तयार कृती घेऊन परतता येते आणि ती जगाच्या गडबडीत हरवते, हे कोलरिजच्या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. सीमेवरून परतणारा राहिलेले काम घेऊन येतो आणि ते जागेपणीच पुरे करावे लागते, हे तुकारामांचे म्हणणे आहे. दुसरे म्हणणे अधिक कठोर आहे आणि अधिक विश्वसनीयही आहे.

या दोन संहितांच्या तुलनेतून अभ्यासपद्धतीपुरता एक निष्कर्ष काढता येतो. जाग आणि झोप यांच्यामधील अवस्थेची वर्णने निरनिराळ्या भाषांतून एकत्र करताना त्यांतील प्रतिमांची यादी करण्याआधी तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत. साक्षीतील क्रियापदाचा कर्ता कोण, विसर नेमका कोठे पडला, आणि जाग आल्यावर साक्षीदाराच्या खाती येणे मांडले आहे की देणे. झोप लागली असे म्हणणारी भाषा झोपेचे कर्तेपण माणसाकडे देत नाही. उठल्यावर पुढे काय करायचे, याचे कर्तेपण मात्र ती त्याच्याकडेच ठेवते.